कॉलेज पाहायला गाडी का भरत नाही?

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही अकोल्याहून अमरावतीला दोन दिवसांसाठी जाणार आहोत. आम्ही म्हणजे विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणारे तिघे, वर्गातली बारावी झालेली नऊ मुलं-मुली आणि त्यांच्यातल्या तिघींच्या आया. एकूण पंधरा माणसं. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वस्तीतले एक काका म्हणाले, "लेकहो, उन्हाळ्यात लोकं चिखलदऱ्याले जातात. तुम्ही भर मे महिन्यात अमरावतीले काय पाहाले जाता?" सगळे हसले. आम्हीही हसलो. अकोल्याचा मे महिना ज्याने भोगला आहे त्याला हसू येणारच. पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि आम्ही निघालो इथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तशाच तापलेल्या गावाला!

"कॉलेजं पाहाले जातो, काका," आम्ही म्हणालो.

"त्यात काय पाहाचं? मोबाइलवर दिसते ना सारं."

त्या दिवशी आम्हाला याचं नीट उत्तर देता आलं नाही. विषय वर्गणीवर गेला आणि बैठक संपली. पण काकांचा प्रश्न काही एकट्या काकांचा नाही. आपल्या वस्त्यांमधल्या बहुतेक घरांत तो आहे, आणि गेल्या वर्षीपर्यंत आमच्याही डोक्यात तोच होता. म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली. तिचं नाव इथे सांगत नाही. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. तिचे सगळे कागद आम्ही स्वतः तयार केले होते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, टीसी, आधारला जोडलेलं बँक खातं. फॉर्म आमच्याच समोर संगणकावर भरला. अमरावतीच्या एका कॉलेजात नंबर लागला. जून महिन्यात विहारात गुणवंतांचा सत्कार झाला, तिला शाल मिळाली, संविधानाची प्रत मिळाली, आणि आमच्यापैकी एकाने तिच्याकडे बोट दाखवून मोठं भाषणही ठोकलं.

मग ती गेली. वडिलांनी एसटीने नेलं, कॉलेजच्या फाटकाशी सोडलं, आणि दुसऱ्या दिवसाची हजेरी बुडू नये म्हणून संध्याकाळच्या गाडीने ते परत आले. खोली तिने विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर लावून शोधली. घरमालकीणबाईंनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "गावात तुमचं घर कोणत्या बाजूला?" असं विचारलं. वऱ्हाडात या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तरी खोली मिळाली. तिसऱ्या आठवड्यात तिने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. त्यानंतर पाणी भरण्याची वेळ बदलली, मग गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत असं ठरलं, आणि महिना संपताना "आमच्या नात्यातली मुलगी राहायला येते आहे, खोली रिकामी कर" असं सांगण्यात आलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी जातीचं नाव घेतलं नाही. ॲट्रॉसिटीची तक्रार करावी असं एकही वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नाही.

चार दिवस ती एका मैत्रिणीकडे राहिली. मग मिळाली ती खोली कॉलेजपासून इतकी लांब की रोज दोन ऑटो. पैसे संपले, ताप आला, प्रॅक्टिकलं बुडाली. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. आता ती एका कापडाच्या दुकानात काम करते. आम्हाला हे सगळं कळलं डिसेंबरात. म्हणजे सत्कार करणाऱ्या आम्हा मंडळींपैकी एकानेही जुलै ते डिसेंबर तिला साधा फोन केला नव्हता. व्यवस्थेला शिव्या द्यायला आम्हाला वेळ असतो. तो द्यायलाच हवा. पण तिच्या बाबतीत आमचा वाटाही मोठा आहे, आणि तो लिहून ठेवल्याशिवाय पुढचं काही लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

काका म्हणतात, मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं ना. इमारत दिसते, फी दिसते, "आमच्याविषयी" दिसतं. कॉलेजपासून मुलींना परवडेल अशी खोली किती अंतरावर मिळते हे दिसत नाही. कोणत्या गल्लीत आडनाव विचारतात आणि कोणत्या गल्लीत फक्त भाडं विचारतात, हे दिसत नाही. ग्रंथालय किती वाजता बंद होतं, मेस महिन्याला किती घेते, शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत फीसाठी थांबतात की मुलाला वर्गाबाहेर उभं करतात, यातलं काहीही पडद्यावर दिसत नाही. ते गावात फिरून, तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोलूनच कळतं.

आता जरा दुसऱ्या बाजूला पाहा. प्रस्थापित घरातला मुलगा अमरावतीला शिकायला जातो तेव्हा तो अमरावती पहिल्यांदा पाहत असतो का? त्याची मावशी राठीनगरात असते. काका कुठेतरी प्राध्यापक असतो. दहावीच्या सुट्टीत तो तिथे लग्नाला जाऊन आलेला असतो, आतेभावाच्या गाडीवर बसून पंचवटी चौकापर्यंत फिरलेला असतो, "हे बघ माझं कॉलेज" असं आतेभावाने दाखवलेलं असतं. त्या फिरण्याला त्या घरात कुणी 'पाहणी' म्हणत नाही. ती सुट्टीच असते. पण त्या सुट्टीत त्या मुलाला एक गाव फुकट मिळून जातं. खोली लागली तर मावशीच्या ओळखीने लागते, आजारी पडला तर काकू डबा देते. वर त्याच्या जातीच्या समाजाचं वसतिगृहही शहरात उभं असतं.

आपलं पोर मात्र गाव पहिल्यांदा पाहतं ते प्रवेशाच्या दिवशी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कागदांची फाईल, सोबत परतीच्या गाडीची वेळ पाहणारा बाप. आणि मग हेच लोक विचारतात, आरक्षण मिळूनही तुमची मुलं टिकत का नाहीत? टिकण्यासाठी जे लागतं ते सीट मिळाल्याने मिळत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते आपल्याला.

खरं तर आपल्यालाही ठाऊक असायला हवं होतं, कारण बाबासाहेबांनी ते करून दाखवलं होतं. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हा कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण त्यांच्या पदरात होतं, आणि राहायला खोली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसं बाहेर पडावं लागलं हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. भाषणात आपण तो प्रसंग अपमान म्हणून सांगतो, आणि तो अपमान होताच. पण त्या प्रसंगातून बाबासाहेबांनी जे काम काढलं त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं. म्हणजे स्वतःचं कॉलेज काढण्याच्या वीस वर्षं आधी त्यांनी पोरांच्या डोक्यावर छप्पर घातलं. कारण ज्या मुलाला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याच्या नावावर कॉलेजात सीट असून उपयोग नाही, हे त्यांना बडोद्यापासून माहीत होतं.

आणि आम्ही शंभर वर्षांनंतर काय केलं? मुलीच्या हातात फाईल दिली आणि राहायचं तिचं तिला पाहायला सांगितलं.

आता थोडं कडू बोलतो. वाचकांना राग आला तरी चालेल. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीला आपल्या वस्तीतून गाड्या भरून जातात. आम्हीही जातो, लहानपणापासून जात आलो आहोत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी गर्दी कुणाच्या पैशाने, कुणाच्या बोलावण्याने जात नाही. आपल्याच पायांनी, आपल्याच भाकरीवर जाते. लाखो माणसांना इतक्या शिस्तीने प्रवास करवणारा दुसरा समाज दाखवा. आपल्याला गाडी ठरवता येते, वर्गणी काढता येते, पन्नास माणसांचा स्वयंपाक रस्त्याच्या कडेला करता येतो. मग त्याच हातांनी कॉलेज पाहायला वर्षातून एक गाडी का भरत नाही? दीक्षाभूमीला जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. दीक्षाभूमीवरून घरी आणलेली पुस्तकं ज्यांनी वाचायची, त्यांना पुढच्या शिक्षणाचं गाव दाखवायला कुणी जात नाही, एवढंच म्हणतो.

पैशाचंही बोलू. आमच्या समितीच्या जयंतीच्या हिशोबात यंदा थोडी रक्कम उरली. तिचं काय करायचं यावर बैठकीत वाद झाला. तरुण मंडळींना पुढच्या वर्षीच्या डीजेचा ॲडव्हान्स द्यायचा होता. आम्ही वही पुढे केली. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात पंधरा माणसांच्या अशा दोन सहली होतात. हे कुणाचं मत नव्हतं, आमच्याच वहीतला आकडा होता. तासभर आवाज चढले. शेवटी त्यातलाच एक पोरगा, ज्याची धाकटी बहीण या नऊ जणांत आहे, म्हणाला, "जाऊ द्या लेकहो, आवाज थोडा कमी ठेवू पुढच्या वर्षी." ठराव झाला.

आता बेत सांगतो. वाचून कुणाला आपल्या गावात असंच करायचं असेल तर उपयोगी पडेल.

दिवस कामाचे निवडले आहेत, गुरुवार आणि शुक्रवार. शनिवार-रविवारी सरकारी कार्यालयं बंद असतात, मग अर्ध्या प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी नसतं. त्यामुळे आयांची दोन दिवसांची मजुरी बुडते, हे खरं आहे. म्हणून तिघींची हजेरी समितीच्या रकमेतूनच द्यायची असं ठरलं. "सहलीले जायाचे पैसे भेटते का कधी?" असं म्हणत एक माय कितीतरी वेळ हसत होती. पण आया सोबत हव्यातच. मुलीला बाहेरगावी ठेवायचं की नाही याचा निकाल घरात आई लावते, आणि जे गाव तिने पाहिलंच नाही त्या गावाला ती घाबरणारच.

जायचं एसटीने. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि आमच्या पंधरा जणांत महिला जास्त, त्यामुळे रेल्वेपेक्षा तेच सोयीचं. शिवाय रेल्वेच्या बऱ्याच गाड्या बडनेऱ्याला सोडतात आणि तिथून पुढे पुन्हा ऑटो आलाच. पहाटेची पहिली गाडी धरायची. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. याच रस्त्यावर २०२२ च्या जून महिन्यात १०५ तासांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनीज बुकात नोंद झाली, पेपरात फोटो आले. रस्ता चांगला झाला, आनंद आहे. त्या रस्त्याने आपल्या वस्तीतली पोरं कॉलेज पाहायला निघायला मात्र आणखी काही वर्षं गेली.

पोहोचल्यावर पहिल्यांदा इर्विन चौक. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायचं, तिथेच चहा-पोहे, आणि नऊ जणांचे तीन गट करायचे. मग उन्हं चढायच्या आत व्हीएमव्हीची बाजू. किंग एडवर्ड कॉलेज म्हणून १९२३ साली सुरू झालेलं हे सरकारी कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झालं, आणि आजचं त्याचं नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. त्याच अंगाला कठोरा नाक्याकडे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गाडगेनगरात शासकीय तंत्रनिकेतन. मग पंचवटीकडे श्री शिवाजी शिक्षण संस्थेची महाविद्यालयं. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली स्थापन केलेली ही संस्था वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी उभी राहिली. त्यांनीही स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवलं होतं, हे मुलांना आवर्जून सांगणार आहोत. गावातल्या मुलाला शहरात शिकवायचं तर आधी त्याची राहण्याची सोय लागते, हे त्या काळच्या कर्त्या माणसांना वेगवेगळ्या वाटांनी कळलेलं दिसतं.

लोक म्हणतील, सुट्ट्यांमध्ये कॉलेजात कोण भेटणार? अमरावती विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा याच दिवसांत चालू असते. व्हरांड्यात, झाडाखाली, झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरं उभी असतात. आम्हाला प्राचार्यांना भेटायचं नाहीच, त्या पोरांना भेटायचं आहे. आमच्या नऊ जणांना सांगून ठेवलं आहे की फाटकासमोर फोटो काढून परतायचं नाही. आत जायचं. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मुलींनी मुलींचं स्वच्छतागृह पाहून यायचं. तिथे शिकणाऱ्या निदान तीन मुला-मुलींशी बोलायचं आणि वहीत लिहायचं.

दुपारी बारा ते चार बाहेर फिरायचं नाही. गावात अभ्यासिका भरपूर आहेत, स्पर्धा परीक्षांची पोरं कूलरखाली बसलेली असतात. एका अभ्यासिकेत आमचा ओळखीचा पोरगा आहे, तो आत नेऊन दाखवणार आहे. ऊन उतरलं की गिला वडा आणि उसाचा रस, कारण अमरावतीला जाऊन गिला वडा न खाता आलेल्या माणसावर अकोल्यात कुणी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी दोन तास फक्त खोल्या. गाडगेनगर, कठोरा रोड, शेगाव नाका. रात्री मुक्काम फ्रेजरपुऱ्यात एका कार्यकर्त्याच्या घरी आणि शेजारच्या दोन घरांत.

फ्रेजरपुरा मुद्दाम निवडला. याच वस्तीत वाढलेले आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. अनुसूचित जातींना क्रिमी लेअर लावण्याबद्दलचं त्यांचं मत आम्हाला मान्य नाही. त्यावर भांडण स्वतंत्र लेखात करू. पण मुलांना तो रस्ता दाखवताना आम्ही अर्धीच गोष्ट सांगणार नाही. त्यांचे वडील दादासाहेब गवई चळवळीतले मोठे नेते होते. म्हणजे वस्ती तीच असली तरी घरात वाट माहीत असलेला माणूस होता. आमच्या नऊ जणांच्या घरात असा माणूस नाही. तो माणूस आपण सगळ्यांनी मिळून व्हायचं आहे, दोन दिवसांपुरतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सामाजिक न्याय भवन. शासकीय वसतिगृहाचा अर्ज, त्याच्या तारखा, आणि वसतिगृहासाठी पात्र असूनही प्रवेश मिळाला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. या योजनेत अमरावतीसारख्या महसुली विभागाच्या शहरात जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ५१,००० रुपये धरले आहेत. गेल्या वर्षीच्या आमच्या मुलीला ही योजना आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे आम्हीच. पैसे मात्र हप्त्याने आणि उशिरा हातात पडतात, म्हणून त्यांच्या भरवशावर पहिल्या तीन महिन्यांचं भाडं ठरवू नका, हेही पोरांना तिथेच सांगायचं आहे.

बेत ठरवताना एक माय म्हणाली, "अमरावतीले गेलंच हाय तं अंबादेवीचं दर्शन घेऊन येऊ ना." तिच्यावर कुणी डाफरू नये म्हणून आम्ही लगेच बोललो. आपल्यातल्या काही लोकांना अशा वेळी बावीस प्रतिज्ञा मोठ्या आवाजात म्हणून दाखवायची सवय आहे. त्याने माय गप्प होते, पटत काहीच नाही. आम्ही तिला १९२७ सांगितलं. त्या वर्षी १३ आणि १४ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. विषय होता याच अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा सत्याग्रह. पंजाबराव देशमुख सत्याग्रहाच्या बाजूने उभे होते. मंदिराच्या पंच मंडळींच्या वतीने दादासाहेब खापर्ड्यांनी मुदत मागितली आणि सत्याग्रह पुढे ढकलला गेला. त्याच दिवसांत मोठे बंधू बाळाराम वारल्याची बातमी बाबासाहेबांना अमरावतीत मिळाली. आणि पुढच्याच महिन्यात २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जळाली.

माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ मेला तरी बाबा थांबले नाही?" आम्ही म्हणालो, अमरावतीहून दीड महिन्यात महाडला गेले ते. तिने देवळाचं पुन्हा काढलं नाही, पण तिच्या मनात अजून असेल तर तिने खुशाल जावं, गाडीला वेळ आहे. आम्हाला तिची मुलगी कॉलेजात हवी आहे. देवळावरून मायलेकींत भांडण नको आहे.

देवळाऐवजी आम्ही सगळे गाडगेबाबांच्या समाधीकडे जाणार आहोत, गाडगेनगरात. परीट समाजात जन्मलेला, शाळेत न गेलेला हा माणूस आयुष्यभर कीर्तनातून एकच सांगत राहिला की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शाळेत घाला. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. माणूस शहरात आला की त्याला उतरायला जागा लागते, म्हणून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबा गेले २० डिसेंबरला. या दोघांमधलं नातं मुलांना सांगायला त्या समाधीच्या सावलीइतकी चांगली जागा नाही. तिथे डबे खायचे आणि चारच्या एसटीने परत.

हा सगळा बेत कागदावर लिहून झाला तेव्हा आम्ही गेल्या वर्षीच्या त्या मुलीच्या घरी गेलो. ती दुकानातून नुकतीच आली होती. आम्ही म्हणालो, पोरी, आमची चूक झाली. आम्ही यंदा नऊ जणांना घेऊन चाललो आहोत, तू येशील का? ती काही बोलली नाही. तिच्या आईने चहा ठेवला. आम्ही बेताचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि पेन मागितला. "तुमचं खोल्यांचं पान रिकामं हाय," म्हणाली, आणि लिहायला बसली. तिने लिहिलेलं आम्ही जसंच्या तसं देतो:

खोलीचं भाडं विचारण्याआधी शेजारच्या खोलीतल्या मुलींना भेटा.
पाणी किती वाजता येतं आणि कुणी भरायचं, ते विचारा.
डिपॉझिट परत मिळाल्याचं आधीच्या मुलीकडून ऐका, घरमालकाकडून नाही.
खोली सोडायला सांगायची तर किती दिवस आधी सांगणार, ते कागदावर लिहून घ्या.
पूर्ण नाव पहिल्याच वाक्यात सांगा. नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच दिवशी म्हणू द्या.
कॉलेजपासून पायी किती मिनिटं, ते स्वतः चालून मोजा. ऊन असताना मोजा.
भिंतीला खिळा ठोकला तर चालेल का, विचारा.

शेवटच्या ओळीवर आमच्यातला एक जण हसणार होता. मग त्याला तो फोटो आठवला.

काका, मोबाइलवर हे दिसत नाही. हे एका मुलीने वर्ष घालवून मिळवलं आहे, आणि आता ते नऊ जणांच्या वहीत पहिल्या पानावर उतरवून घेतलं आहे. आमच्या सहलीत याहून मोलाचं काही नाही. ती सोबत येणार की नाही ते अजून सांगितलेलं नाही. आम्हीही पुन्हा विचारलेलं नाही, फक्त गाडीची वेळ कळवली आहे. समाजकल्याणच्या खिडकीवर तिच्याही पुढच्या प्रवेशाचं विचारून यायचं, गॅप सर्टिफिकेट लागतं का ते पाहायचं, हे बेतात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं आहे. खर्चही आता सोळा जणांचा धरला आहे.

वाचकहो, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, जिथे कुठे हा लेख वाचत असाल, तुमच्या वस्तीतही या वर्षी बारावी झालेली चार पोरं असतील. त्यांचा सत्कार नक्की करा. पण शालीचे पैसे वाचवून आधी त्यांना घेऊन एकदा अमरावतीला, अकोल्याला, नागपूरला, संभाजीनगरला जाऊन या. अकोल्याला कृषी विद्यापीठ पाहायला आलात तर आमच्या विहारात मुक्काम करा. जेवण साधं असेल, पण कूलर चालू आहे. आणि मुलं तिकडे राहायला गेली की महिन्यातून एकदा फोन करा. आम्ही केला नव्हता.

जय भीम! जय संविधान!